हद्दीच्या आत, हद्दीच्या बाहेर : गुजरातची चार राष्ट्रीय उद्यानं

गुजरातेत राष्ट्रीय उद्यानं चारच. डांगच्या सीमेवरचं वांसदा, भावनगरजवळचं वेळावदर, सगळ्यांना ठाऊक असलेलं गीर आणि जामनगरच्या किनाऱ्याचं सागरी उद्यान. साग-बांबूचं दमट रान, झाड नसलेला गवताळ माळ, पानगळीचं कोरडं जंगल आणि ओहोटीला उघडा पडणारा समुद्राचा तळ. एका दमात गाडीने करता येण्यासारखी ही चार टोकं, पण बहुतेक लोक गीर करून परततात.

चौघांचं क्षेत्रफळ मिळून पाचशे चौरस किलोमीटरही भरत नाही. कच्छच्या छोट्या रणातलं रानगाढवांचं अभयारण्य एकटंच जवळजवळ पाच हजारांचं आहे. पण ते अभयारण्य. १९७२च्या वन्यजीव कायद्यात या दोन्हींत मोठा फरक केलेला आहे. अभयारण्यात स्थानिकांचे काही हक्क शिल्लक राहू शकतात, परवानगीने गुरं चरू शकतात. राष्ट्रीय उद्यानात चराई बंद आणि खासगी हक्क संपलेले. म्हणजे नकाशावर जंगलाभोवती ओढता येणारी ही सगळ्यात कडक रेघ.

ही रेघ डोक्यात घुसायचं कारण ताई. तिची सगळी नोकरी भूमी अभिलेखमध्ये गेली. कुठेही गेली तरी ती आधी हद्दीचा दगड शोधते. गाडी दाजी चालवणार होते, आरक्षणं माझ्याकडे होती आणि डिसेंबरातली अमावास्या कुठल्या दिवशी येते ते बघून बाकीचे दिवस बसवले होते. त्याचं कारण शेवटच्या रविवारी येईल.

शनिवार, वघई

सापुताऱ्याचा घाट उतरलं की वघईपर्यंत साग सुटत नाही. पाट्या गुजराती, पण टपरीवर कानावर पडणारी डांगी बोली आपल्याला अर्धीअधिक कळते. वघईचं स्टेशन पाहून घेतलं. बिलिमोऱ्याहून इथवर येणारी नॅरोगेज बडोद्याच्या गायकवाडांच्या काळातली, डांगचं लाकूड उतरवण्यासाठी टाकलेली. जंगल तोडायला आणलेला हा रूळ आता पर्यटकांना जंगल दाखवायला वापरतात. त्यानंतर दिवसात सांगण्यासारखं काही झालं नाही.

रविवार, वांसदा

वांसदा जेमतेम २४ चौरस किलोमीटरचं आहे. हे वांसदा संस्थानच्या राजांचं खासगी जंगल होतं, १९७९ साली राष्ट्रीय उद्यान झालं. १९५२नंतर इथे झाडतोड झालेली नाही असं वाटाड्याने सांगितलं, आणि आत शिरल्यावर ते पटतं. सागाची खोडं दोघांच्या कवेत न मावणारी. मधे काटस बांबूची बेटं इतकी दाट, की सकाळी दहालाही गाडीचे दिवे लावावेसे वाटतात. पायाखालचा पाचोळा डिसेंबरातही ओलसर होता. सह्याद्रीचं हे उत्तरेकडचं टोक. पुढे जे तीन मुलूख बघायचे होते त्यांतल्या एकातही एवढी ओल भेटणार नव्हती.

इथे मोठं जनावर दिसेल या आशेने येऊ नये. बिबटे आहेत, चौशिंगे आहेत, पण झाडीच अशी की दहा फुटांवर काय उभं आहे ते कळत नाही. आम्हाला चौशिंग्याच्या लेंड्या दिसल्या, तो स्वतः नाही. दिसले ते कोळी. पायवाटेवर दोन झाडांमध्ये मीटरभर रुंदीचं जाळं, उन्हात त्याचा धागा चक्क सोनेरी, आणि मधोमध तळहाताएवढी, काळ्या-पिवळ्या रंगांची मादी. हिला इंग्रजीत जायंट वूड स्पायडर म्हणतात, आणि वांसदा तिच्यासाठी ओळखलं जातं. वाटाड्याने काडीने जाळ्याच्या कडेला काहीतरी दाखवलं. तांबूस ठिपका. तो नर. मादीच्या एका पायाच्या टोकाएवढाही नाही आणि तिच्याच जाळ्यावर तिच्याच शिकारीतलं चोरून खातो. दाजींनी यावर जे भाष्य केलं ते ताईसमोर केलं, हे त्यांचं धाडस.

वाघाचा विषय निघालाच. एके काळी इथे वाघ होते. आता नाहीत, आणि त्यासाठी फार खोल कारण शोधावं लागत नाही: एका नर वाघाला स्वतःला लागणारं क्षेत्रच या सबंध उद्यानाहून मोठं असतं. अंबिका नदी उद्यानाच्या कडेने वाहते आणि पलीकडे डांगचं जंगल सुरू होतं. ताई नदीच्या काठावर उभी राहून बराच वेळ पलीकडे बघत होती. "नदी हद्द धरली आहे," ती म्हणाली. "मोजणीवाल्याला सोपी पडते. जनावराला पाणी हवं असतं म्हणून ते नेमकं दोन्ही काठांवर असतं."

सोमवार, बोट

हजीरा ते घोघा, गाडीसकट. ही फेरी २०२० साली सुरू झाली आणि रस्त्याने खंबातच्या आखाताला घालावा लागणारा पावणेचारशे किलोमीटरचा वळसा वाचला. बोटीवर ट्रक जास्त, माणसं कमी. पाणी गढूळ तांबडं. देशातल्या सगळ्यात मोठ्या भरत्या या आखातात येतात, दहा मीटरपर्यंत पाणी चढतं-उतरतं, त्यामुळे तळचा गाळ कधी बसतच नाही.

मंगळवार, वेळावदर

भावनगरच्या उत्तरेला भाल प्रदेश लागतो आणि उंच म्हणावं असं काही उरत नाही. क्षितिजापर्यंत खारट, चिकण काळी जमीन, मधे कपाशी, मधे मिठागरं. त्यात ३४ चौरस किलोमीटरचा एक पिवळा चौकोन: वेळावदर, काळविटांचं राष्ट्रीय उद्यान.

पहिला कळप फाटकाच्या आतच होता. नंतर मोजायचं सोडून दिलं. माद्या आणि पिल्लं गवताच्या रंगाची, मान खाली. आणि नर वरून काळाभोर, पोटाखाली पांढरा, पिळाची शिंगं मागे टाकून नाक वर करून चालणारा. ती चाल बघायला यावं. शिंगं पाठीला टेकतील इतकं डोकं मागे झुकवून तो दुसऱ्या नराच्या समांतर चालत राहतो, दोघंही एकमेकांकडे न बघितल्यासारखं करतात. मोकळ्या मातीच्या पट्ट्यात थोड्याथोड्या अंतरावर एकेक नर आपला तुकडा धरून उभा होता. प्रत्येकाच्या तुकड्यात लेंड्यांचा ढीग, रोज त्याच जागी टाकून केलेला. ऐन हंगामात माद्या अशा पट्ट्यात येऊन नर निवडतात. ताईला हे फारच आवडलं. बाकी जनावरांच्या हद्दी माणसांनी घातलेल्या, ही एकच त्यांची स्वतःची, आणि खुणा रोजच्या रोज ताज्या.

हा माळ टिकला तो भावनगर संस्थानामुळे. गुरांसाठी गवत राखायचं म्हणून ही विडी, म्हणजे राखीव कुरण, जपली गेली, आणि शिकारीसाठी. शिकार बंदुकीने कमी, चित्त्याने जास्त. डोळ्यांवर पट्टी बांधलेला पाळीव चित्ता गाडीतून न्यायचा, कळपाजवळ पट्टी काढायची. आपल्या कोल्हापुरातही हेच चालायचं. चित्ते सांभाळणारे चित्तेवान तिथे पदरी असत. देशातले चित्ते कमी पडू लागले तेव्हा दोन्ही संस्थानांनी आफ्रिकेतून मागवले. काळवीट राहिलं, चित्ता संपला. ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास धावणारं हे जनावर कोणापासून पळायला शिकलं हे वेळावदरात आता कोणी दाखवू शकत नाही. लांडगे आहेत, पण लांडग्याची पद्धत वेगळी, दमवायची.

साडेपाचला वाटाड्याने गाडी थांबवायला सांगितली आणि वर बघा म्हणाला. भोवत्ये. मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशांतून हिवाळ्यात उतरणारे हे शिकारी पक्षी दिवसभर आसपासच्या कपाशीत नाकतोडे धरतात आणि मुक्कामाला इथे येतात. झाडावर नाही, जमिनीवर, गुडघाभर गवतात. आधी दोनचार, मग सगळ्या दिशांनी. माँटेग्यूचे, फिक्कट, दलदली. पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उचलून गवताच्या शेंड्यांवरून तरंगत येतात, घिरट्या घालतात, बसतात, पुन्हा उठतात, शेजारी पसंत पडला नाही की परत जागा बदलतात. एके काळी एका संध्याकाळी हजारांनी यायचे आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या मुक्कामांत वेळावदरची गणना व्हायची. आता संख्या घटल्याचं इथले लोकच सांगतात. गवत तेवढंच आहे. पण नाकतोडे उद्यानात कमी आणि बाहेरच्या शेतांत जास्त, आणि शेतांवर औषध फवारलं जातं. चौतीस चौरस किलोमीटर कितीही नीट राखले तरी भोवत्याचं ताट बाहेर मांडलेलं आहे.

बुधवार, रस्ता

सकाळी पुन्हा तासभर माळ. पावसाळ्यात इथे तणमोर येतो, नर गवतातून सरळ वर उड्या मारून मादीला खुणावतो, पण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उद्यान पर्यटकांना बंद असतं. त्यामुळे तणमोर बघण्यासाठी हे उद्यान निरुपयोगी आहे आणि तणमोरासाठी नेमकं उपयोगाचं. माझी याबद्दल तक्रार नाही. कडेकडेने वेडी बाभूळ घुसलेली दिसते, तिकडचा गांडो बावळ. वनखातं ती उपटत असतं आणि ती परत येत असते.

तिथून गीरच्या दाराशी असलेल्या सासणपर्यंत दिवसभराचा रस्ता. शेत्रुंजी ओलांडली, पुढे अमरेली जिल्हा. वाटेत चहाच्या ठिकाणी दाजींनी सहज विचारलं, इकडे सिंह येतो का. चहावाल्याने मागच्या शेताकडे बोट केलं. मंगळवारी रात्री आला होता, म्हणे. आवाजात कसलाही थरार नव्हता. विहिरीच्या नव्या कठड्याकडे बघत सांगितलं त्याने. उघड्या विहिरीत पडून सिंह मरायचे म्हणून या भागात हजारो विहिरींना कठडे बांधले गेले आहेत. गीर अजून लांब होतं.

गुरुवार, गीर

पहाटे परवाने, ओळखपत्रं, जिप्सी, वाटाडा, ठरवून दिलेला मार्ग. ही यंत्रणा गजबजलेली आहे, पण एका मार्गावर गाड्यांची दाटी होऊ देत नाहीत हे मान्य करायला हवं. पहिला तास साग, धावडा, पळस, बोरी. पानं करपून तांबूस झालेली, निम्मी गळलेली. वांसद्याचाही साग आणि इथलाही साग, पण हा काटकुळा, खडकाळ टेकड्यांवर अंतर राखून उभा. त्यामुळे नजर आरपार जाते. सिंहाला असंच रान लागतं.

चितळांनी इशारा दिला नाही, मोर ओरडला नाही. वळणावर एक सिंहीण रस्त्याकडेच्या पाचोळ्यात आडवी पडलेली होती आणि तिच्यापलीकडे दोन अर्धवट वाढलेले बच्चे. गाडीपासून वीस-पंचवीस पावलं. आफ्रिकी सिंहापेक्षा वेगळं ओळखायची खूण म्हणून वाचलेली पोटाखालची लांबट कातडीची घडी स्पष्ट दिसत होती. एका बच्च्याने आईच्या शेपटीला तोंड लावलं, तिने शेपटी उचलून दुसरीकडे ठेवली. त्याने परत पकडली. हे दहा मिनिटं चाललं. वाटाड्या हळू आवाजात म्हणाला, पुढची गाडी येईल, आता निघू. सिंहिणीने सबंध वेळात आमच्याकडे एकदाच पाहिलं, आणि तेही जांभई देताना.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आशियाई सिंह केवळ काही डझन उरले होते, सगळे इथे. जुनागढच्या नवाबांनी शिकारीला आवर घातला म्हणून एवढे तरी. १९६५ साली अभयारण्य, १९७५ साली गाभ्याचे २५९ चौरस किलोमीटर राष्ट्रीय उद्यान. अभयारण्य धरून एकूण चौदाशेच्या वर. त्याच सुमारास गाभ्यातले मालधारी, म्हणजे गुरं पाळणारे लोक, बाहेर वसवले गेले. आम्ही फिरलो तो पट्टा अभयारण्यातला. तिथे अजून त्यांचे नेस, म्हणजे वस्त्या, आहेत. दुपारच्या फेरीत एक लागला: मातीची घरं, भोवती काटेरी कुंपण, आत जाफराबादी म्हशी, कपाळावरून खाली वळलेली जाड शिंगं. सत्तरच्या दशकापर्यंत सिंहाचं पोट मुख्यतः अशाच गुरांवर चालायचं. चराई कमी झाली, गवत आणि चितळं वाढली, तेव्हा जंगलातल्या सिंहाचा आहार बदलला. रेघेने इथे काम केलं, याची कबुली द्यायलाच हवी.

आणि मग काम इतकं झालं की रेघ पुरेना. मे २०२५च्या गणनेत ८९१ सिंह मोजले गेले. त्यांतले निम्म्याहून जास्त गीरच्या राष्ट्रीय उद्यानाबाहेर आणि अभयारण्याबाहेर. अमरेलीच्या शेतांत, गिरनारवर, समुद्रकाठच्या झुडपांत, बंदराच्या रेल्वेरुळांवर. रुळांवर मरतातही. ताईने हे ऐकून एवढंच म्हटलं, "सिंहांनी बांध कोरला की गं."

शुक्रवार, कमलेश्वर आणि पुढे

सकाळी हिरण नदीवरच्या कमलेश्वर धरणाकडे. पलीकडच्या काठावर मगरी, दुर्बिणीतूनही ओंडके वाटाव्यात इतक्या निश्चल. गीर म्हणजे सिंह असं समजून लोक इथे दोन मिनिटं थांबतात. आम्ही तासभर थांबलो आणि तो वेळ वसूल झाला.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. सगळे आशियाई सिंह सौराष्ट्रात. २०१८ साली पूर्व गीरमध्ये कॅनाइन डिस्टेंपर विषाणू पसरला आणि काही आठवड्यांत वीसहून जास्त सिंह मेले. कुत्र्यांमधून येणारा रोग; कुत्री गावातली, सिंह गावाशेजारचे. काही सिंह मध्य प्रदेशात कुनोला हलवावेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१३ सालीच दिला होता. सिंह गेले नाहीत. २०२२ साली कुनोत आफ्रिकेतले चित्ते आले. वेळावदरहून आल्यामुळे हे जास्तच खटकलं: चित्ता जिथून संपला तिथे काळवीट उड्या मारतंय, सिंहासाठी ठेवलेल्या जागेत चित्ता, आणि सिंह उसाच्या शेतात. सिंह ही आमची अस्मिता आहे असं सांगणारे गुजराती मित्र मलाही आहेत. पण एकाच गावात सगळं ठेवणं मला पटलेलं नाही.

दुपारी जामनगरकडे निघालो. वाटेत पोरबंदरच्या बाजूला बर्ड्याच्या टेकड्या दिसतात. तिथे सिंह नेऊन सोडायचं बरीच वर्षं घोळत होतं. २०२३च्या जानेवारीत एक नर आपणहून चालत पोचला.

शनिवार, खिजडिया

विश्रांतीचा दिवस. जामनगरजवळचं खिजडिया पक्षी अभयारण्य संस्थानकाळातल्या एका बांधामुळे तयार झालं: समुद्राचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून बांध घातला, अलीकडे नदीचं गोडं पाणी साठलं. बांधावर उभं राहिलं की एका हाताला गोड्या पाण्याचे पक्षी आणि दुसऱ्या हाताला खाऱ्या पाण्याचे. ते रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आल्याचं २०२२ साली जाहीर झालं. रोहित भरपूर. दाजी बाकावर झोपले.

रविवार, नरारा

कच्छच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२चं, देशातलं पहिलं. जामनगरच्या किनाऱ्यासमोरची ४२ बेटं, तिवरांची जंगलं आणि प्रवाळ. बाकी ठिकाणी प्रवाळ बघायला डुबकी मारावी लागते. वाडीनारजवळच्या नरारात चालत जाता येतं, फक्त ओहोटीला. अमावास्या नुकतीच झाली होती, म्हणजे उधाणाची भरती आणि तेवढीच खोल ओहोटी. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, आलात तर पाणी पुरेसं हटत नाही. त्यासाठीच सगळं वेळापत्रक उलटं लावलं होतं.

सूर्य वर आला तेव्हा समुद्र लांब गेलेला होता. आधी तिवरांच्या श्वासमुळांचा चिखल, मग रेती, मग खडक आणि घोटाभर पाणी. बूट घालूनच चालायचं आणि वाटाड्याच्या पावलावर पाऊल ठेवून, कारण जिवंत प्रवाळावर पाय पडला की तो मेला. तपकिरी, हिरवट गोळे, मेंदूच्या वळ्या असतात तशा रेघांचे. अंदमानच्या चित्रांतले रंग इथे नाहीत. गढूळ पाणी, उन्हाळ्यातला ताप, रोज काही तास उघडं पडणं, हे सगळं सोसून टिकलेल्या जाती आहेत या. पाण्याच्या एका डबक्यात सी अॅनिमोन पसरलेलं, त्यावर पारदर्शक कोळंबी. दगडाखाली ब्रिटल स्टारचे वळवळते हात. समुद्रकाकडी. आणि एका कपारीत ऑक्टोपस. आधी दगडासारखा करडा, आमची सावली पडली तसा काळसर, मग वाळूवरून सरकताना वाळूच्याच रंगाचा. ताई पाण्यात उकिडवी बसली आणि उठायला तयार नव्हती.

शेजारच्या गटात एकाने फुगा मासा हातात धरून वर काढला होता. घाबरला की तो पोट फुगवतो, लोक टाळ्या वाजवतात, फोटो होतात. फुगणं हा त्याचा जीव वाचवायचा शेवटचा उपाय आहे आणि उद्यान राष्ट्रीय आहे. ताई गेली आणि तिने तो सोडायला लावला. त्या मुलाने सोडला, पण चेहऱ्यावर भाव असा की या बाईंना काय झालं.

मान वर केली की दुसरं जग. आखातात नांगरलेली तेलाची जहाजं, मागे शुद्धीकरण कारखान्यांच्या चिमण्या, किनाऱ्याला जेट्ट्या. देशाचं बरंच कच्चं तेल याच आखातातून उतरतं. वांसद्याला निदान नदी होती, वेळावदरला कुंपण. "इथला हद्दीचा दगड कुठाय?" मी ताईला विचारलं. तिने पायाखाली बघितलं. "दिवसातून दोनदा बुडतो," ती म्हणाली. "आणि तेल सांडलं तर ते काय नकाशा वाचून थांबणार आहे?"

पाणी वळलं तसं वाटाड्याने शिट्टी दिली. इथली भरती सपाट खडकावरून चालत्या माणसापेक्षा फारशी हळू येत नाही, त्यामुळे शिट्टीनंतर रेंगाळू देत नाहीत. चौकीवर आत गेलेल्यांची नावं आणि बाहेर आलेल्यांची नावं जुळवून घेतली. फुगा मासावाल्या गटातले दोघं अजून आले नव्हते. एक रक्षक त्यांना आणायला गुडघाभर पाण्यातून निघाला होता.